जुनी गाडी चालू व्हायला त्रास देते, तेव्हा दोष शोधावा कसा?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे : गाडी पेट्रोलवर चालणारी, इंजेक्शनची आणि सुमारे १५ वर्षे जुनी आहे. रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला पेट घेते. दिवसा गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा चालू करतानाही अधूनमधून हाच त्रास होतो. नवी बॅटरी आणि नवे स्पार्क प्लग बसवूनही फरक पडलेला नाही आणि आता पेट्रोल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का, असे आपण विचारले आहे.

पंप इतक्यात बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष पंपात असू शकतो. परंतु आपण सांगितलेली लक्षणे निदान चार-पाच वेगवेगळ्या दोषांना सारखीच लागू पडतात आणि त्यांतला कोणता दोष आपल्या गाडीत आहे, हे मोजमाप केल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. अंदाजाने सुटे भाग बदलत गेल्याने खर्च तर होतोच. शिवाय मूळ दोष तसाच राहून त्यात नव्या भागाच्या चुकीच्या जोडणीची भर पडण्याचा धोका असतो. म्हणून दोष कोणत्या क्रमाने शोधायचा आणि प्रत्येक टप्प्यावर नेमके काय मोजायचे, ते सविस्तर सांगतो.

‘गाडी चालू होत नाही’ या एका तक्रारीत तीन निराळ्या तक्रारी असतात. चावी फिरवली तरी सेल्फ मुळीच फिरत नाही, ही पहिली. सेल्फ फिरतो पण रडतखडत, ही दुसरी. सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही किंवा उशिरा घेते, ही तिसरी. पहिल्या दोन तक्रारींत बॅटरी, तारा, अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाची बॉडीशी आणि इंजिनाशी असलेली जोडणी), रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि सेल्फची मोटर यांच्याकडे पाहावे लागते. तिसरीत ठिणगी, इंधन, हवा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने सिलिंडरमध्ये निर्माण केलेला दाब, यांच्याकडे. आपली तक्रार तिसऱ्या प्रकारची दिसते. तरीही पहिल्या दोन प्रकारांची तपासणी पूर्ण टाळता येत नाही, कारण सेल्फ कानाला जोरात फिरतो असे वाटणे आणि त्या क्षणी इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, पुरेसे व्होल्टेज मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हत्यारांना हात लावण्यापूर्वी काही दिवस एक वही गाडीत ठेवावी, अशी माझी प्रत्येकाला विनंती असते. इंजिन थंड होते की गरम, गाडी किती वेळ उभी होती, टाकीत पेट्रोल किती होते, नुकतेच भरले होते का, हवा दमट होती का, ॲक्सिलरेटर थोडा दाबल्यावर गाडी लवकर चालू झाली का, चालू होताना काळा धूर किंवा पेट्रोलचा वास आला का, एवढ्याच नोंदी पुरतात. दोष कायमचा असेल तर तो गॅरेजमध्येही सापडतो. पण अधूनमधून येणारा दोष मेकॅनिकसमोर हमखास दडून बसतो आणि तेव्हा ही नोंदच त्याला वाट दाखवते. फक्त पावसाळी हवेत त्रास होत असेल तर प्लगच्या तारा, कॉईल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी गुंडाळी) आणि असल्यास डिस्ट्रिब्यूटरची (प्लगांना पाळीने वीज वाटणाऱ्या भागाची) टोपी यांतून वीज गळत असल्याचा संशय घ्यावा. फक्त पेट्रोल भरल्यानंतर लगेच त्रास होत असेल तर टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची दाट शक्यता असते. ती वाफ इंजिनात जाऊन मिश्रण एकदम जाड होते, म्हणजे त्यात पेट्रोल प्रमाणाबाहेर वाढते. हा दोष नोंदीशिवाय लक्षात येणे कठीण असते.

आता विजेकडे वळू. बॅटरी नवी आहे म्हणजे ती भरलेली आहे असे नव्हे. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर साध्या डिजिटल मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. आणि १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा फसवा, वाढीव येतो. अशा वेळी हेडलाइट एक-दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि मग मोजावे. त्यानंतर दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगून, सेल्फ फिरत असताना व्होल्टेज किती खाली येते ते पाहावे. समशीतोष्ण हवेत ते ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर वीज खात आहे. इंजिन चालू झाल्यावर जुन्या पद्धतीच्या चार्जिंगमध्ये हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान दिसला पाहिजे. तो १३ च्या आसपासच घुटमळत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा आधी पाहावा, नाहीतर नवी बॅटरीही लवकरच जुन्या बॅटरीच्या वाटेने जाईल.

जुन्या गाड्यांत सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे तारा आणि अर्थिंग. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचलेला डोळ्यांना दिसतो. परंतु तारेच्या आवरणाखाली गंजलेले तांबे किंवा इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीखाली धरलेला गंज दिसत नाही. अशा जोडाचा रोध ओहमच्या इतक्या लहान अंशात असतो की साध्या मीटरवर तो शून्यच दिसतो, पण सेल्फच्या शेकडो अँपिअर प्रवाहाला तोच रोध जड जातो. म्हणून रोध मोजू नये. प्रवाह वाहत असताना जोडावर पडणारे व्होल्टेज मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावे आणि सेल्फ मारावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगले आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसला तर तिथेच थांबून जोड साफ करावेत. धन बाजूला बॅटरीची खुंटी आणि सेल्फचे मोठे टर्मिनल यांच्यात असेच मोजावे. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत. तरीही बरेच जण हा टप्पा सोडून थेट बॅटरी बदलतात, याचे मला वाईट वाटते, कारण तारांमधील दोष नवी बॅटरी बसवल्यावर काही आठवडे झाकला जातो आणि मग पुन्हा डोके वर काढतो.

सेल्फचा आवाजही बरेच सांगतो. चावी फिरवल्यावर भराभर ‘टकटकटक’ असा आवाज येत असेल तर व्होल्टेज अपुरे आहे. एकच ठसठशीत ‘टक’ होऊन पुढे काही होत नसेल आणि बॅटरी व तारा चांगल्या असतील, तर सोलेनॉइडमधील (सेल्फच्या मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचमधील) तांब्याचे काँटॅक्ट जळालेले किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. मोटर फिरल्याची घरघर ऐकू येते पण इंजिन हलत नाही, तेव्हा सेल्फच्या दात्यांचा क्लच घसरतो आहे किंवा दाते फ्लायव्हीलमध्ये अडकतच नाहीत. अजिबात आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक तारेवर, चावी फिरवलेली असताना, १२ व्होल्टच्या जवळपास येतात का ते पाहावे. येत नसतील तर दोष चावीच्या स्विचमध्ये, रिलेमध्ये किंवा क्लचच्या अथवा ऑटोमॅटिक गिअरच्या सुरक्षा स्विचमध्ये शोधावा.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर सगळे बंद असताना किती प्रवाह खर्च होतो ते मोजावे लागते. सर्व दारे आणि दिवे बंद करून, गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जाण्यासाठी सुमारे अर्धा तास द्यावा. त्यानंतर प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आला पाहिजे. अर्धा अँपिअर म्हटला तर फार वाटत नाही, पण तो दिवसाला १२ अँपिअर-तास खातो आणि लहान गाडीची बॅटरी तीन दिवसांत जवळपास रिकामी करतो. एकेक फ्यूज काढून कोणत्या शाखेत प्रवाह घटतो ते पाहिले की चोर सापडतो. मात्र अल्टरनेटरच्या बिघडलेल्या डायोडमधून होणारी गळती या फ्यूजांच्या पेटीतून जात नाही. तिच्यासाठी अल्टरनेटरची तार सोडूनच पाहावे लागते, आणि तीही बॅटरीची ऋण तार काढल्यानंतरच सोडावी.

एवढे सर्व ठीक निघाले की आपल्या मूळ तक्रारीकडे येता येते. सेल्फ चांगला फिरतो आणि इंजिन पेट घेत नाही, तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो : त्या क्षणी कमी काय पडते आहे, ठिणगी की पेट्रोल? त्यासाठी त्रास होत असतानाच तपासावे. नंतर चालू झालेल्या इंजिनावर तपासून काही हाती लागत नाही. ठिणगी पाहण्यासाठी प्लग आणि त्याची तार यांच्यामध्ये बसणारा ठिणगी-टेस्टर वापरावा. तार हातात धरून बॉडीजवळ नेण्याची जुनी सवय आजच्या कॉईलसाठी धोक्याची आहे, कारण तिथे कित्येक हजार व्होल्ट तयार होतात. त्याचा झटका माणसाला इजा करतो आणि ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉईलही निकामी होऊ शकते. बऱ्याच वेळा सेल्फ मारूनही गाडी चालू झाली नाही तर लगेच एखादा प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोहोचत आहे आणि ठिणगी नाही, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येत आहे. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही.

ठिणगी आणि इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या झडपेचा) स्पंद, म्हणजे तो उघडण्याचा विद्युत संकेत, दोन्ही गायब असतील तर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरवर पहिला संशय घ्यावा. हा सेन्सर जुना झाला की गरम झाल्यावर दगा देतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने थंड झाल्यावर काहीच न घडल्यासारखा पुन्हा चालू होतो. जुन्या गाड्यांतील सेन्सर बहुधा चुंबक आणि गुंडाळीचा असतो आणि त्याच्या संकेताचे बळ इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. म्हणून सेल्फ थोडा मंद फिरला तरी संकेत कमजोर पडून ठिणगी पडत नाही. वर विजेच्या तपासणीवर इतका जोर दिला, त्याचे हे एक कारण आहे. कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) सेन्सर बिघडला असेल तर अनेक गाड्या बंद पडत नाहीत. कोणत्या सिलिंडरची पाळी आहे हे ठरवायला ईसीयूला वेळ लागतो आणि दर वेळी सेल्फ तीन-चार सेकंद जास्त मारावा लागतो. आपल्या तक्रारीशी हे जुळू शकते, म्हणून स्कॅनर (ईसीयूतील माहिती वाचणारे यंत्र) लावून साठलेले दोषांचे कोड आणि सेल्फ मारताना दिसणारा इंजिनाचा वेग हे दोन्ही पाहून घ्यावेत.

आता पेट्रोलच्या दाबाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, पण पाइपमधील दाब लगेच उतरत नाही. तो बराच वेळ टिकून राहावा अशी रचना असते, म्हणजे पुढच्या वेळी चावी फिरवताच इंजेक्टरपाशी पेट्रोल तयार असते. हा उरलेला दाब टिकत नसेल तर पहिले काही सेकंद पंप नुसता पाइप भरत बसतो. तपासणीची सर्वांत सोपी रीत अशी : सकाळी थंड गाडीत चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवावी, मागील सीटखालून पंपाची बारीक गुणगुण सुमारे दोन सेकंद ऐकू येईल, ती थांबली की चावी बंद करावी आणि असे तीन-चार वेळा केल्यानंतरच सेल्फ मारावा. एरवी चार प्रयत्न मागणारी गाडी असे केल्यावर पहिल्याच प्रयत्नात चालू झाली, तर दाब उतरतो आहे हे जवळपास निश्चित झाले. काहीच फरक पडला नाही, तर दाबाचा दोष मागे सारून तापमानाच्या सेन्सरकडे जावे.

चावीच्या या प्रयोगाने दाब उतरतो हे कळते, पण तो कुठून उतरतो हे कळत नाही, आणि पंप बदलण्याचा सल्ला नेमका याच ठिकाणी घाईचा ठरतो. दाब तीन वाटांनी उतरू शकतो : पंपातील परतझडपेतून (पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपेतून) पेट्रोल मागे टाकीत जाते, दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरमधून गळते, किंवा एखादा इंजेक्टर थेंबथेंब गळून पेट्रोल इंजिनातच सोडतो. पहिल्या प्रकारात पेट्रोल कमी पडते, म्हणून गाडी उशिरा पण स्वच्छ चालू होते. इंजेक्टर गळत असेल तर उलट घडते. गरम इंजिन वीस मिनिटे ते अर्धा तास उभे राहिले की त्यात पेट्रोल साचते, चालू होताना इंजिन अडखळते, काळा धूर येतो आणि पेट्रोलचा उग्र वास पसरतो. आपल्याला दिवसा, थोडा वेळ गाडी उभी केल्यानंतरही त्रास होतो, म्हणून या धुराकडे आणि वासाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारून पाहावा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तसे केल्यावर ईसीयू सेल्फ फिरेपर्यंत पेट्रोल थांबवतो किंवा अगदी कमी करतो आणि साचलेले पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. त्याने इंजिन लवकर पकडले, तर पेट्रोल जास्त होत होते असे समजावे.

पक्के निदान दाबमापकाने होते. बहुतेक जुन्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत चालू इंजिनाचा दाब ३ बारच्या आसपास असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावा. इंजिन बंद केल्यावर मापक तसाच ठेवून पाहावे. निरोगी गाडीत काटा सावकाश खाली येतो आणि पाऊण-एक तासानेही बराच दाब शिल्लक असतो. पाच मिनिटांत तो शून्यावर आला तर गळती आहे. मग पंपाकडून येणारी रबरी नळी योग्य चिमट्याने दाबून धरावी. आता दाब टिकला तर परतझडप दोषी आहे आणि तेव्हा पंप बदलणे योग्य ठरेल. परतीची नळी असलेल्या गाडीत ती दाबल्यावर दाब टिकला तर रेग्युलेटर दोषी आहे. त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोलचा ओलावा सापडला तर पडदा फाटल्याची खूणच मिळाली. दोन्ही नळ्या दाबूनही दाब उतरत असेल तर इंजेक्टर गळत आहेत. कडक प्लॅस्टिकच्या नळ्या मात्र कधीही दाबू नयेत, त्या तडकतात. मापक जोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवून दाब उतरवावा, इंजिन थंड असावे, आसपास आग किंवा ठिणगी नसावी आणि अग्निशामक हाताशी असावा. या कामाची सवय नसेल तर ते माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे.

दाब टिकत असेल तर पुढची जागा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाच्या सेन्सरची. थंड इंजिनाला अधिक पेट्रोल लागते आणि ते किती द्यायचे, हे ईसीयू मुख्यतः याच सेन्सरच्या सांगण्यावरून ठरवतो. इंजिन थंड असताना सेन्सर ‘गरम आहे’ असे सांगू लागला तर पेट्रोल कमी पडते; इंजिन गरम असताना ‘थंड आहे’ असे सांगू लागला तर प्रमाणाबाहेर पडते. अनेक गाड्यांत याचा रोध २० अंश सेल्सिअसला २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांच्या पुढे काहीशे ओहम असतो. त्याहून सोपी तपासणी स्कॅनरवर होते : रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. दोन्हींत १० अंशांहून अधिक फरक असेल तर कोणतातरी एक सेन्सर खोटे बोलत आहे. विशेष म्हणजे असा थोडासा चुकणारा सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावत नाही, कारण त्याचा आकडा ईसीयूच्या दृष्टीने शक्य कोटीतलाच असतो. म्हणून ‘कोड नाही, म्हणजे सेन्सर चांगला’ हे गृहीत धरू नये.

हवेच्या बाजूने फार सांगण्यासारखे नाही. ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावर गाडी सहज चालू होत असेल आणि सोडल्यावर बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेचे प्रमाण ठरवणारा भाग) आणि आयडलचा (ॲक्सिलरेटर सोडलेला असताना हवा देणारा) व्हॉल्व्ह काजळीने भरलेले आहेत; ते योग्य द्रावणाने साफ करावेत. तडकलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या आणि तुंबलेला एअर फिल्टर पाहून घ्यावा. गाडी चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल, तर तो इमोबिलायझरचा, म्हणजे चावी न ओळखल्यास इंजिन बंद ठेवणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा, प्रश्न आहे. दुसऱ्या चावीने प्रयत्न करून पाहावा.

कॉम्प्रेशन मी शेवटी घेतो, कारण त्यासाठी खटपट जास्त लागते. मात्र गाडीची वाटचाल मोठी झाली असेल तर ते टाळू नये. सेल्फ फिरताना त्याचा ठेका एकसारखा नसेल, दर काही ठोक्यांनंतर इंजिन झरकन पुढे सरकल्यासारखे वाटत असेल, तर एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आहे. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडून, सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजावे. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १० ते १३ बार दाब मिळतो. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत महत्त्वाची असते आणि ती १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब लक्षणीय वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत; न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. सेल्फ एकाएकी नेहमीपेक्षा हलका आणि वेगाने, विनाठेका फिरू लागला तर मात्र पुन्हा सेल्फ मारू नये. टायमिंग बेल्ट तुटल्याचे ते लक्षण असते आणि अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठे नुकसान होते.

आपल्यासारखीच तक्रार असणाऱ्या, पण कार्बोरेटरच्या किंवा डिझेलच्या गाड्या वापरणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. कार्बोरेटरच्या गाडीत सकाळी चोकची पट्टी पूर्ण बंद होते का, ॲक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोलची बारीक पिचकारी दिसते का आणि गाडी उभी राहिल्यावर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल आटते का, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे जुन्या पद्धतीचे काँटॅक्ट) असलेल्या गाडीत सेल्फ फिरताना इंजिन पेट घेते आणि चावी सोडताच बंद पडते, तेव्हा कॉईलच्या बॅलास्ट रेझिस्टरचा (कॉईलचा प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रोधकाचा) दोष बहुधा असतो. डिझेलच्या गाडीत सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहावे : पांढरा-करडा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणून हीटर प्लग, त्यांचा रिले आणि कॉम्प्रेशन तपासावे, धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोहोचत नाही आणि बहुतेकदा फिल्टरजवळच्या जोडातून लाइनमध्ये हवा शिरलेली असते. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. तो तापलेल्या प्लगवर अवेळी पेटून इंजिन फोडू शकतो.

तपासणीच्या काळात सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर मोटरची गुंडाळी तापते. इंजेक्शनची गाडी वारंवार धक्का मारून चालू करणेही टाळावे, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटते आणि तो निकामी करते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची वेळ आली तर शेवटची ऋण तार उतरलेल्या बॅटरीच्या टर्मिनलला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तारेची ठिणगी त्याला पुरेशी असते.

आपल्या गाडीपुरता क्रम मी असा सुचवतो. आधी सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि अर्थिंग मोजावे. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी ‘ऑन’ करण्याचा प्रयोग करावा आणि त्याआधी, इंजिन पूर्ण थंड असतानाच, स्कॅनरवर दोन्ही तापमाने व साठलेले कोड पाहावेत. प्रयोगाने गाडी लगेच चालू झाली तर दाबमापक लावून गळतीची वाट शोधावी आणि परतझडप दोषी ठरली तरच पंपाला हात लावावा. दुरुस्ती कोणतीही झाली तरी गाडी गरम असताना गॅरेजमध्ये दोन-तीनदा चालू करून दाखवली, एवढ्यावर ती स्वीकारू नये. ती रात्रभर तिथेच ठेवून सकाळचा पहिला सेल्फ आपल्यासमोर मारायला सांगावा आणि त्यानंतर अर्धा तास चालवून, तितकाच वेळ उभी करून पुन्हा एकदा मारायला सांगावा, कारण आपला त्रास याच दोन वेळी होतो.